सज्जनगडचे समर्थ आणि वसईचे गोन्सालो गार्सिया: संत ठरतो कसा?

समर्थ रामदास संत आहेत, हे साताऱ्यात कुणी ठराव करून सांगितलं नाही. लोकांनी मानलं, गडावर समाधी, माघ वद्य नवमीला दासनवमी. कॅथलिक रीत किचकट. मृत्यूनंतर सहसा ५ वर्षं थांबायचं, मग बिशप चौकशी लावतात: साक्षी, पत्रं, लिखाण. एक चमत्कार मान्य झाला की ‘धन्य’, त्यानंतर दुसरा झाला की संत. हुतात्म्याला पहिला माफ. चमत्कार बहुधा आजार बरा होण्याचा; औषधाने गुण आला असेल तर दावा तिथेच बाद! गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. संतपद मिळालं १८६२ मध्ये. संतापुढची मेणबत्ती पाहून इथे अनेकांची गल्लत होते. आराधना देवाचीच, संताला म्हणायचं, ‘आमच्यासाठी विनंती कर.’