चूर्णातलं स्टेरॉइड पकडायचं : परीक्षानळी की टीएलसी?

परीक्षानळीतली रंगचाचणी आणि टीएलसी, म्हणजे प्लेटवरच्या पातळ थरातून द्रावक चढवून मिश्रणातले घटक वेगळे करणं : फोंड्याच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत मी दोन्ही करून पाहिलंय. सांधेदुखीच्या चूर्णात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन मिसळलंय का एवढंच बघायचं असेल आणि मोठं यंत्र नसेल, तर परवडणारे मार्ग हेच.

रंगचाचणी झटपट होते आणि विद्यार्थ्यांना शिकवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. अल्कलीत टेट्राझोलियम ब्लू घातलं की कॉर्टिसोनच्या कुळातली स्टेरॉइडं त्याचं क्षपण करतात आणि निळा-जांभळा रंग येतो. टेस्टोस्टेरॉनला तो येत नाही. झिमरमन चाचणीत मात्र सतराव्या कार्बनवर कीटोन असलेली स्टेरॉइडं जांभळी होतात. नमुना शुद्ध असेल तर मी आजही आधी नळीच उचलतो.

गोची होते ती चूर्णात. शेजारच्या काकींनी एक पुडी आणून दिली होती. दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला म्हणून त्या खूश, आणि नेमकी त्याचीच मला शंका. मिथेनॉलमधला अर्क नळीत घातला, निळा झाला. वाटलं, सापडलं! पण चूर्णात गूळही होता, म्हणून सहज घरच्या गुळाचा खडा तसाच तपासला, तर तोही निळा. गुळातलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही तेच क्षपण करतं. मग स्टेरॉइडला रंग आणणारं सल्फ्युरिक आम्ल घालून पाहिलं, तर सगळं करपून काळं झालं. क्लोरोफॉर्म घेऊन गूळ मागे ठेवला, तर पाल्याचा हिरवा रंग अर्कात उतरला. त्या दुपारी माझं मन नळीवरून उडालं.

मग तोच मिथेनॉलचा अर्क सिलिकाच्या प्लेटवर लावला, शेजारी शुद्ध प्रेडनिसोलोन, द्रावक क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९:१. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली शुद्ध नमुन्याच्या बरोबरीला काळा ठिपका दिसला. त्यावर टेट्राझोलियम फवारलं. एक निळा डाग तळरेषेवरच चिकटलेला, तो गुळाचा. दुसरा वर, ठिपक्याच्या जागी. नळीत एकमेकांत मिसळलेले दोन निळे इथे सुटे झाले होते.

टीएलसीलाही खोड्या आहेत. शुद्ध नमुने विकत घ्यावे लागतात. आपल्याकडे आषाढात सिलिका ओल धरते आणि ठिपके रोज वेगळ्या उंचीवर थांबतात, म्हणून प्लेट वापरण्याआधी अर्धा तास १०५ अंशांवर तापवून घ्यावी आणि आरएफ (द्रावकाच्या तुलनेत ठिपका किती वर चढला ते गुणोत्तर) पुस्तकाशी न जुळवता शेजारच्या नमुन्याशीच जुळवावा. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन यांच्यात फरक सोळाव्या कार्बनवरच्या मिथाइलच्या दिशेचाच, तेव्हा साध्या प्लेटवर ते वेगळे होतील असा भरवसा धरू नये. प्रकरण कोर्टापर्यंत जाणार असेल तर रेणूच्या वस्तुमानावरून ओळख पटवणारी मास स्पेक्ट्रोमेट्रीच हवी. पण रोजच्या पुड्यांसाठी, मला विचाराल तर, प्लेट.

काकींना तीच प्लेट दाखवली. म्हटलं, "पुडी एकदम तोडू नका, बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं. उद्याच डॉक्टरांकडे जाऊ, मी येतो सोबत."