सान जेन्नारो की जिल्यो? न्यूयॉर्कच्या दोन इटालियन जत्रा

खायलाच जायचं असेल तर सप्टेंबरमध्ये मॅनहॅटनच्या मलबेरी स्ट्रीटवरची सान जेन्नारो या संताची जत्रा गाठा. ती 1926 पासून भरते, 11 दिवस चालते. संताचा सण 19 तारखेला. झेपोले, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, कागदी पिशवीत पिठीसाखर घालून हलवून देतात. आधी तळून ठेवलेले घेऊ नका: वाफेनं साखर विरघळते नि गोळे चिवट होतात. कढईतून निघताना दिसले तरच पैसे काढा. कान्नोलीचंही, म्हणजे गोड सारण भरलेल्या तळलेल्या कुरकुरीत नळ्यांचंही तेच, रिकोटा (मऊ ताजं चीज) आधीच भरून ठेवला की नळी सादळते, म्हणून समोर भरून देणारा ठेला शोधा. सॉसेज बहुधा डुकराच्या मांसाचं, आणि तांदळाच्या गोळ्यांतही खिमा असू शकतो, तेव्हा शाकाहारींनी विचारूनच घ्यावं. शनिवारी संध्याकाळी मात्र मुंगी शिरायलाही जागा नसते.

जुलैमधला ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गचा जिल्यो खाण्यात लहान, पण रंगात कितीतरी मोठा. इटलीतल्या नोला गावच्या संत पाओलिनोचा जिल्यो, म्हणजे सुमारे चार टनांचा, सहा-सात मजली उंच मनोरा, शंभरावर माणसं खांद्यावर उचलतात, आणि त्याच्या चौथऱ्यावर बसून बँडही वाजत असतो! म्होरक्याचा, म्हणजे कापोचा, इशारा झाला की सगळ्यांनी एकदम गुडघे सरळ करायचे; एक बाजू मागे राहिली तर भार दुसऱ्यांच्या खांद्यांवर येतो. उत्सव बरेच दिवस चालतो, पण मनोरा ठरावीक दिवशीच उचलतात. वेळापत्रक पाहून मनोरा उचलण्याचा रविवारच धरा.