चीनची ताकद मोजायची तर: ग्लोबल फायरपॉवर आणि आणखी तीन फुकट साधनं

दर वर्षी जानेवारीत एक बातमी हमखास येते: ‘जगातील बलाढ्य लष्करांत भारत चौथा’. ही यादी ग्लोबल फायरपॉवर या संकेतस्थळाची. १४५ देश, साठच्या वर घटक आणि त्या सगळ्यांचा रस काढून एकच आकडा, पॉवर इंडेक्स. स्पर्धा परीक्षेवाले क्रमांक पाठ करतात, व्हॉट्सअ‍ॅपवाले त्यावरून भांडतात. पण चीन महासत्ता झाला का, या प्रश्नाला हे साधन पुरत नाही.

आधी आकडा वाचायचा कसा ते. इथे शून्य म्हणजे आदर्श, म्हणून आकडा जितका लहान तितका देश वर. २०२५ मध्ये अमेरिका ०.०७४४, रशिया आणि चीन दोघेही ०.०७८८, भारत ०.११८४. आदल्या वर्षी अमेरिका ०.०६९९ वर होती; म्हणून ती वर्षभरात दुबळी झाली असं कोणी लिहिलं तर हसून सोडून द्या. यादी दर वर्षी नव्याने लावतात, त्यामुळे दोन वर्षांचे आकडे एका आलेखात जोडता येत नाहीत. आणि खरी गोम वेगळीच आहे: अण्वस्त्रं या हिशेबात धरलेलीच नाहीत.

‘उपलब्ध मनुष्यबळ’ या रकान्यात भारतापुढे ६० कोटींहून मोठा आकडा दिसतो. ते सैनिक नव्हेत, लोकसंख्येतला एक भाग आहे. नौदलाच्या रकान्यात तर नुसते नग मोजलेत. गस्ती नौका एक नग आणि लाखभर टनांची विमानवाहू नौकाही एकच नग. म्हणूनच २०२४ च्या यादीत जहाजांच्या एकूण संख्येत अमेरिका रशिया आणि चीनच्या मागे दिसते. विमानांच्या एकूण आकड्यातही हेलिकॉप्टर, मालवाहू, प्रशिक्षणाची विमानं सगळी एकाच पोत्यात.

यादीची परीक्षा २०२२ मध्ये झालीच. रशिया दुसरा, युक्रेन बाविसावा. आणि तरी कीव्हच्या उत्तरेला रशियाचा सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा ताफा इंधन आणि रसदीच्या घोळात दिवसचे दिवस अडकून पडला. रणगाडे किती ते यादी सांगते, त्यांच्यापर्यंत डिझेल पोहोचतं का ते सांगत नाही.

तरी संकेतस्थळ टाकाऊ नाही. दोन देश शेजारी ठेवून पाहायची सोय चांगली आहे. क्रमांक सोडा आणि थेट हवेत इंधन भरणाऱ्या विमानांच्या ओळीवर जा. घरापासून लांब लढायचं तर हीच ओळ महत्त्वाची. अमेरिकेकडे अशी शेकडो विमानं, चीनची संख्या तिच्या पासंगालाही पुरत नाही. परदेशी तळांचं मात्र इथे काही कळत नाही. चीनने आपला पहिला अधिकृत परदेशी तळ २०१७ मध्ये जिबुतीत उघडला, ही गोष्ट शंभर जादा रणगाड्यांपेक्षा जास्त बोलकी आहे.

पैशासाठी स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेची लष्करी खर्चाची एक्सेल फाइल उतरवून घ्या. चारांत सगळ्यात भरवशाचं साधन हेच, पण फाइल जरा खट्याळ आहे. वर्षांची तुलना करायची तर स्थिर डॉलरचं पान उघडा. चालू डॉलरच्या पानात महागाई आणि विनिमय दर मिसळलेले असतात. निळे आकडे म्हणजे सिप्रीचा अंदाज, लाल म्हणजे फारच डळमळीत. तीन टिंबं म्हणजे माहिती नाही, ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे तेव्हा तो देशच नव्हता. या खुणा असलेल्या घरांची अधिक चिन्हाने बेरीज केलीत की एक्सेल चूक दाखवणारच. मालिका १९४९ पासूनची असली तरी चीनचे आकडे १९८९ पासूनच मिळतात. नव्या आवृत्तीत जुने आकडेही दुरुस्त होतात, म्हणून गेल्या वर्षीच्या फाइलला यंदाचा एक रकाना चिकटवू नका, पूर्ण फाइल नव्याने घ्या.

२०२४ साठी सिप्री चीनचा खर्च ३१४ अब्ज डॉलर धरते, तर बीजिंगने जाहीर केलेलं अंदाजपत्रक १.६७ लाख कोटी युआन, म्हणजे साधारण २३० अब्ज डॉलर. सशस्त्र पोलीस दल, संशोधन असले खर्च सिप्री आत घेते, म्हणून ही तफावत. अमेरिका त्याच वर्षी ९९७ अब्जांवर. पण चिनी सैनिकाचा पगार युआनमध्ये होतो आणि जहाजही देशातच स्वस्तात बांधलं जातं. बाजारभावाच्या डॉलरमध्ये चीन आहे त्यापेक्षा लहान दिसतो.

जहाजं आणि क्षेपणास्त्रांसाठी पेंटॅगॉनचा, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचा, चीनवरचा वार्षिक अहवाल. डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीत चिनी नौदलाची ३७० हून जास्त जहाजं-पाणबुड्या आणि वापरास सज्ज ६०० हून जास्त अण्वस्त्रं नोंदली आहेत. सुरुवात शेवटच्या परिशिष्टातल्या तक्त्यांपासून करा. त्यात तैवानसमोरचं बळ वेगळं काढलंय. लिहिणारं खातं स्वतःच निधी मागणारं आहे, हे ध्यानात ठेवून विशेषणं गाळा, आकडे घ्या. भारताच्या सीमेसमोरच्या चिनी पश्चिम कमांडबद्दल मात्र तैवानच्या मानाने फार थोडं आहे.

यातलं कोणतंही साधन चिनी सैन्य लढेल कसं हे सांगत नाही. त्याचं शेवटचं मोठं युद्ध १९७९ चं, व्हिएतनामशी. २०२३ मध्ये क्षेपणास्त्रं सांभाळणाऱ्या रॉकेट फोर्सचे प्रमुख बदलले, ऑक्टोबरमध्ये संरक्षणमंत्री ली शांगफू यांना हटवलं, पुढच्या वर्षी लाचखोरीच्या आरोपांवरून पक्षातूनही काढलं. भ्रष्टाचाराचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

उरला सिडनीच्या लोवी इन्स्टिट्यूटचा आशिया पॉवर इंडेक्स. महासत्ता हा शब्द हिशेबात धरायचा तर हाच कामाचा, कारण यात १०० पैकी ७० गुणांची रेघच मारलेली आहे. २०२४ मध्ये अमेरिका ८१.७, चीन ७२.७, भारत ३९.१. लष्करी क्षमतेला यात फक्त साडेसतरा टक्के वजन; बाकी अर्थबळ, राजनैतिक वजन, संरक्षण संबंध वगैरे. वजनं आपल्या मनाप्रमाणे बदलायची सोय आहे. ती वापरून काढलेलं चित्र कुणाला पाठवाल, तर कोणतं वजन किती ठेवलं तेही खाली लिहा.