बॅनरलॉर्ड: कित्येक महिने खेळून झाल्यावर, आणि त्यातल्या तलवारींबद्दल जरा जास्तच

आधीच सांगतो, एफपीएस किती मिळतात, कुठलं ग्राफिक्स कार्ड लागतं असलं वाचायचं असेल तर दुसरे रिव्ह्यू ढिगाने पडलेत, ते बघा. हा गेम म्हणजे माउंट अँड ब्लेड टू बॅनरलॉर्ड, अंकाराच्या टेलवर्ल्ड्स स्टुडिओचा, २०२० च्या मार्चमध्ये अर्ली ॲक्सेसला, म्हणजे अजून बनत असतानाच विकायला, आला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण रिलीज झाला. मी पूर्ण रिलीजनंतर घेतला आणि तेव्हापासून अधूनमधून शपथ घेतो की आता बास, आणि परत चालू करतो.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलराडिया नावाचा काल्पनिक खंड, साल १०८४, जुनं साम्राज्य तीन तुकड्यांत फुटलंय आणि भोवती पाच राज्यं लचका तोडायला टपून बसलीत. तुम्ही कोणीच नसता, चार माणसं आणि एक घोडा घेऊन सुरुवात, मग डाकू मारा, व्यापार करा, कुणा राजाची चाकरी धरा, किल्ला मिळवा, शेवटी स्वतःचं राज्य काढून सगळा नकाशा आपल्या रंगाचा करा. फॅन्टसी म्हणतात खरं पण जादूबिदू काही नाही, ड्रॅगन आहे तो फक्त झेंड्यावर. राज्यं मात्र ओळखीची वाटतात, व्लांडिया बघितलं की मध्ययुगीन फ्रान्समधले नॉर्मन सरदार आठवतात, खुझैत म्हणजे गवताळ मैदानातले घोडेस्वार, असेराई वाळवंटातले, स्टर्जिया बर्फातले, बटानिया जंगलातले. त्यामुळे हत्यारंही खऱ्या इतिहासातून उचललेली आहेत आणि तिथेच माझं डोकं अडकलं.

माझं मत असं आहे की या गेमला तलवार कशी असते हे जबरदस्त कळलंय, पण ती कधी उपसायची असते ते अजिबात कळलेलं नाही.

आधी जे कळलंय ते. तलवारीचं वजन हा माझा जुना राग आहे. बऱ्याच गेममध्ये तलवार म्हणजे लोखंडी पहार, हिरो ती कसाबसा उचलणार, ओरडत फिरवणार आणि जमिनीत रुतवणार. खरी एका हाताची मध्ययुगीन युरोपीय तलवार साधारण १ ते १.३ किलोची असायची, दोन हातांनी धरायची लाँगसोर्ड दीड किलोच्या आसपास, आणि सोळाव्या शतकातले जर्मन भाडोत्री सैनिक ज्या जवळजवळ माणसाएवढ्या उंच तलवारी घेऊन फिरायचे त्यासुद्धा २ ते ३.५ किलोच्या, त्याहून जड ज्या संग्रहालयात दिसतात त्या बहुतेक मिरवायच्या. एवढं कमी वजन कसं, तर पातं सगळीकडे सारख्या जाडीचं नसतंच, मुठीपाशी पाच-सहा मिलिमीटर आणि टोकाकडे जाता जाता दोनच्या आसपास उतरतं. मधून जी पन्हळ काढलेली असते ती पण वजन कमी करायला, रक्त वाहून जायला असते ही निव्वळ थाप आहे आणि ती सांगणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतोच.

आता गेममधली लोहाराची भट्टी बघा. तिथे तलवार चार भागांतून बनते, पातं, परज म्हणजे मुठीच्या वरची आडवी पट्टी, मूठ आणि पॉमेल म्हणजे मुठीच्या बुडाशी असतो तो जड गोळा. प्रत्येक भाग थोडा लहान-मोठा करता येतो. भारी गोष्ट ही की गेम नुसते आकडे बेरीज करत नाही, वजन कुठे आहे आणि तोल कुठे पडतो यावरून फिरवण्याचा वेग काढतो. जड पॉमेल लावला की तलवारीचं एकूण वजन वाढतं पण तोल मुठीकडे सरकतो आणि हँडलिंग सुधारतं, पातं लांबवलं की पोच वाढते पण वळवायला जड जातं. हे अगदी खरं आहे. हातोडी एकदा दांड्याने धरा आणि एकदा डोक्याकडून धरून फिरवा, वजन तेवढंच पण मनगटाला दोन वेगळ्या वस्तू वाटतात. खऱ्या तलवारींचा तोल बहुधा परजेपासून १० ते १५ सेंटिमीटर पुढे पडायचा, कापायच्या तलवारीत जरा पुढे, भोसकायच्या तलवारीत जरा मागे. मी एकाच पात्याला वेगवेगळे पॉमेल लावत बसायचो, राज्य तिकडे जळत असलं तरी.

पोलादाचं गणितही बरं जमलंय. खनिज आणि कोळसा घातला की कच्चं लोखंड, त्यात परत कोळसा घातला की ओतीव नव्हे तर घडीव लोखंड, मग लोखंड, मग पोलाद, मग उत्तम पोलाद आणि सगळ्यात वर थमास्कीन पोलाद. लाकडाचा कोळसा किती लागतो राव, जंगलच्या जंगल खातं हे प्रकरण. पण खऱ्यातही तसंच होतं, भट्टीतल्या कोळशाचा कार्बन लोखंडात किती मुरतो यावरच सगळं ठरतं, जवळपास शून्य असेल तर मऊ घडीव लोखंड, अर्धा-पाऊण टक्का असेल तर तलवारीजोगं पोलाद आणि दोन टक्क्यांच्या वर गेलं की ठिसूळ बीड, म्हणजे ओतीव लोखंड. थमास्कीन म्हणजे उघड उघड दमास्कसची नक्कल, आणि त्या दमास्कस पात्यांचा कच्चा माल जायचा तो दक्षिण भारतातून आणि श्रीलंकेतून, वूट्झ नावाचं मुशीत वितळवलेलं पोलाद, कार्बन साधारण दीड टक्का, सावकाश थंड केलेलं आणि त्यात व्हॅनेडियमसारख्या धातूंचे अंश असले की घडवताना पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी उमटायची. गेममध्ये ते फक्त सगळ्यात महाग पोलाद म्हणून येतं, नक्षीबिक्षी काही नाही, असो.

भट्टीत एक गोष्ट मात्र नाहीच, पाणी देणं. म्हणजे ज्या पायरीवर तलवार खरी तलवार होते तीच गायब. लाल तापवलेलं पातं एकदम थंड केलं की ते काचेसारखं कडक होतं, तसंच ठेवलं तर पहिल्या घावात तुकडे, म्हणून परत हलकं तापवून कडकपणा थोडा उतरवायचा, मग ते स्प्रिंगसारखं वाकून सरळ होतं. यात कारागिराचा हात कळायचा. नवव्या ते अकराव्या शतकातल्या, पात्यावर उल्फबर्ट असं नाव घातलेल्या दीडशेच्या वर तलवारी युरोपभर सापडल्यात, त्यातल्या काहींचं पोलाद अव्वल आणि काही अगदीच सुमार, म्हणजे ब्रँडची नक्कल तेव्हाही जोरात होती. गेममध्ये अशी फसवणूक व्हायची शक्यताच नाही. पातं वाकत नाही, बोथट होत नाही, तुटत नाही, शंभर जणांच्या चिलखतांवर आपटा आणि परत नवी कोरी. ढाल फुटते, तलवार नाही, हा काय न्याय आहे मला कळत नाही.

(पैशाचं एक सांगून टाकतो, स्मिथिंग म्हणजे लोहारकीचं कौशल्य वाढवलं की दोन हातांच्या तलवारी हजारो दिनारला जातात, एकेकदा तर बाजारातल्या सगळ्या दुकानदारांकडे मिळून तेवढी रोकड नसते. मजा पहिले काही दिवस येते, नंतर पैशाचा प्रश्नच उरत नाही आणि अर्धा गेम मरतो. स्वतःवर बंधन घाला.)

आता मैदानावर या. तिथे तलवार राजा आहे आणि तिथेच गडबड आहे. गेममध्ये डॅमेज तीन प्रकारचं, कापणारं, टोचणारं आणि ठेचणारं, आणि चिलखत सगळ्यात जास्त अडवतं ते कापणारं. कागदावर बरोबर. पण मूळ गेममध्ये नखशिखांत कड्यांचं चिलखत घातलेल्या माणसालाही तलवारीचे तीन-चार आडवे फटके मारले की तो पडतो. खऱ्यात कड्यांचं चिलखत आणि खाली जाड भरलेला अंगरखा असेल तर तलवारीची धार जवळजवळ निकामी, हाड मोडेल, मुका मार बसेल, पण कापणार नाही. म्हणून तर चिलखतं जसजशी सुधारली तसतशी चौदाव्या शतकात युरोपातली पाती टोकदार आणि ताठ होत गेली, फटीत घुसवायला. पंधराव्या शतकातल्या सचित्र हस्तलिखितांत योद्धे एक हात चक्क पात्यावर धरून तलवारीचा आखूड भाला करतात, किंवा पातं दोन्ही हातांत धरून परजेने आणि पॉमेलने डोक्यात हाणतात. हे गेममध्ये करता येत नाही. वार फक्त चार दिशांचे, डावा, उजवा, वरून आणि भोसक. भोसकणं आहे पण बहुतेक तलवारींना ते इतकं सावकाश दिलंय की गर्दीत मारणं जीवावर येतं.

दुसरं म्हणजे भाला. रणांगणावर खरं काम भाल्याचं, जवळजवळ सगळ्या काळात आणि सगळ्या देशांत, तलवार कमरेला असायची ती भाला मोडल्यावर किंवा दाटीत सापडल्यावर उपसायला. स्वस्त, लांब, शिकायला सोपा, आणि शेजारी दहा जण तसेच उभे असले की समोरच्याला आत शिरायला जागाच नाही. गेममध्ये पायदळाचा भाला म्हणजे गरिबाची शिक्षा. शत्रू एक पाऊल आत आला की टोचा अंगावर घासून जातो आणि डॅमेज नावाला. माझी भालेवाली तुकडी घोडदळाला अडवायला ठीक, पण समोरून बटानियाचे फाल्क्समन आले की तासून काढतात. या फाल्क्सचं मूळ मात्र भारी उचललंय, आजच्या रुमानियातल्या डेशियन लोकांचं ते आत वाकलेलं लांब पातं, सम्राट ट्रेजनच्या इसवी सन १०१ ते १०६ च्या युद्धांत रोमनांना ते इतकं झोंबलं की त्यांनी शिरस्त्राणांवर आडव्या-उभ्या पट्ट्या ठोकून घेतल्या. गेममध्ये त्याचा धाक बरोबर वाटतो, हे मान्य.

पायांचं गणित पण कुठेतरी जमून गेलंय. ढाल वर धरलेल्या माणसाच्या नडगीवर खाली वार केला की तो पडतो, आणि सुरुवातीला मला वाटायचं ही गेमची चालाखी आहे. पण १३६१ मध्ये बाल्टिक समुद्रातल्या गॉटलँड बेटावर व्हिस्बीला डेन्मार्कच्या राजाच्या फौजेने तिथल्या शेतकऱ्यांची कत्तल केली, त्या सामूहिक कबरी उकरल्या तेव्हा हजाराच्या वर सांगाडे मिळाले आणि हाडांवरच्या जखमांपैकी खूपशा गुडघ्याखालच्या. वर ढाल, अंगात चिलखत, मग धार जाणार कुठे, जिथे काही नाही तिथे.

घोड्यावरून मात्र तलवार मजा देते, तक्रार नाही. वेग डॅमेजमध्ये मिसळतो म्हणून भरधाव जाताना नुसतं पातं धरून वेळ साधली तरी पुरतं. खुझैतांची बाकदार तलवार घेतलीत तर अजून, बाकामुळे पातं रुतून न बसता सरकत जातं म्हणून जगभरच्या घोडेस्वारांनी ती उचलली. सरळ लांब पातं पण कमी नाही, आपल्याकडची धोप आठवा, सरळ, लांब, घोड्यावरून पोचणारी, आणि तिला बऱ्याचदा युरोपातून आलेलं पातं बसवलेलं. आखूड तलवार घेऊन घोड्यावर बसलात तर नुसती हवा कापाल. वेढ्यात बरोबर उलटं, तटाच्या जिन्यावर लांब पातं भिंतीला आपटून थांबतं आणि तेवढ्यात कोणीतरी पोटात घुसवतं. हे डिझाइन करणाऱ्याने नक्की काहीतरी हातात धरून बघितलंय.

राज्य जिंकायचा भाग, ज्यासाठी लोक हा गेम घेतात, तो पहिल्या अर्ध्यात अप्रतिम आणि नंतर कंटाळवाणा. कारण साम्राज्य तलवारीने नाही, पगार, धान्य, इन्फ्लुएन्स म्हणजे दरबारातलं वजन आणि सरदारांच्या मतदानाने चालतं. जिंकलेलं शहर दुसऱ्या संस्कृतीचं असेल तर निष्ठा घसरत राहते, त्याच संस्कृतीचा सुभेदार नेमला नाही तर बंड. इथपर्यंत छान. पण हरवलेला सरदार कैदेतून पळतो आणि थोड्याच दिवसांत नवी पोरं गोळा करून परत हजर, त्याला परत हरवा, परत पळतो. मुंडकं उडवायची सोय आहे पण मग त्याचे सगळे नातेवाईक आणि अर्धा नकाशा तुमच्यावर उलटतो. शेवटच्या टप्प्यात हजार माणसांची लढाई पण मी ऑटोवर, म्हणजे न खेळता गेमनेच निकाल लावावा अशी, टाकायला लागलो, यातच काय ते समजा.

मग मी रिअलिस्टिक बॅटल मॉड, म्हणजे गेमचे नियम बदलणारी चाहत्यांनी बनवलेली फुकटची भर, टाकला आणि गेम परत जिवंत झाला. चिलखत एकदम चिलखतासारखं वागायला लागतं, जड सरदारावर धारेचे फटके वाया, भाले आणि गदा कामाला येतात, लढाया लांबतात आणि रांग मोडली की माणसं मरतात, आधी नाही. साधे नवशिके सैनिक घेऊन सरदारांच्या तुकडीवर गेलात तर संपलात. अवघड आहे, आणि गेमचा अपडेट आला की मॉड काही दिवस बंद पडायची तयारी ठेवा. माझ्या हत्यारांच्या चार स्लॉटमध्ये आता भाला, ढाल, गदा आणि मीच बनवलेली एक बऱ्यापैकी आखूड, ताठ पात्याची तलवार असते, ती निघते फक्त तटावर किंवा भाला हातातून गेल्यावर. कन्सोलवाल्यांनी मात्र घेण्याआधी लक्षात ठेवा, तिथे मॉड चालत नाहीत, तुम्हाला चिलखत कापणारी मूळ तलवारच मिळणार.