वायरलेसपेक्षा केबल बरी : गाडीच्या टचस्क्रीनचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याला आम्ही गाडी घेतली, तेव्हा मधला व्हेरिएंट सोडून वरचा घेण्याचे एकमेव कारण होते दहा इंची टचस्क्रीन आणि तिच्यासोबत मिळणारी वायरलेस अँड्रॉइड ऑटो व कारप्लेची, म्हणजे फोनमधला नकाशा, गाणी आणि कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणण्याची सोय. इंजिन, मायलेज, सस्पेन्शन यांविषयी माझी काहीच तक्रार नसल्यामुळे कंपनीचे नाव न घेता हे परीक्षण त्या स्क्रीनपुरतेच ठेवतो आहे.

स्क्रीनला एकटीला सोडले तर तिचे वागणे उत्तम आहे. रेडिओ चटकन लागतो, आईसाठी पेनड्राइव्हवर भरून ठेवलेले अभंग जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू होतात, आणि मे महिन्यात इंदूरच्या उन्हात दुपारभर उभ्या राहिलेल्या गाडीतही ती एकदाही रुसली नाही. आवाजासाठी गोल बटण आणि एसीसाठी वेगळी बटणे ठेवण्याचे शहाणपण कंपनीने दाखवले आहे, त्याचे मोल पुढे कळले.

कुरकुर सुरू होते ती फोन जोडल्यावर. वायरलेस जोडणीत फोन आणि गाडी एकमेकांना ब्लूटूथवरून ओळखतात, पण नकाशाचे चित्र आणि आवाज मात्र गाडीच्या वायफायवरून येतात. म्हणजे एका कामासाठी दोन दुवे जुळावे लागतात आणि त्यांपैकी एक जरी अडला तरी स्क्रीनवर नुसते चक्र फिरत राहते. सुदामा नगरमधल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये गाडी उभी असते, तिथे घरचे वायफाय भरपूर पोहोचते, आणि माझा फोन ते सोडून गाडीच्या वायफायवर जायला तयारच नसतो. परिणामी नकाशा उमटतो तो फूटी कोठी चौक मागे पडल्यावर. लांबच्या प्रवासात याचे काही वाटत नाही, परंतु पलासियापर्यंतच्या वीस-पंचवीस मिनिटांच्या फेरीत पहिली चार मिनिटे अशी गेली की ज्या वळणासाठी नकाशा हवा होता ते वळण निघून गेलेले असते.

दुसरा प्रकार अधिक गमतीचा आहे. सौभाग्यवतींचा फोनही गाडीला जोडलेला आहे, आणि त्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत माहेरी बोलत असताना मी खाली गाडी सुरू केली की त्यांचे संभाषण थेट गाडीच्या स्पीकरवर येते. माझ्याविषयीची दोन-तीन मते मला अशीच कळली आहेत. कोणत्या फोनला प्राधान्य द्यायचे हे ठरवण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे, पण दर चार-सहा दिवसांनी ती पूर्वपदावर येते.

श्रावणात ओंकारेश्वरला निघालो तेव्हा भेरू घाटात खरी परीक्षा झाली. फोन वायरलेस चार्जिंगच्या खाचेत ठेवलेला होता. जीपीएस, मोबाइल डेटा आणि वायफाय सगळे एकदम चालू, त्यात खालून चार्जिंगची ऊब, त्यामुळे तो इतका तापला की आधी चार्जिंग थांबले आणि मग नकाशाही गेला. घाटात नेटवर्कचाही भरवसा नसतो, म्हणून तेव्हापासून निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतो आणि फोन एसीच्या झोतासमोर ठेवतो.

मात्र ज्या प्रसंगाने मी खरोखर वैतागलो, तो छप्पन दुकान या खाऊगल्लीपाशी घडला. रिव्हर्स घेताना कॅमेऱ्याच्या चित्रात मागे भिंत नाही, माणूस नाही, स्वच्छ मोकळी जागा. आणि नीट पाहिले तर ते आमच्याच घराचे फाटक होते. सकाळी पोर्चमधून निघताना गोठलेले चित्र संध्याकाळपर्यंत तसेच राहिले होते. मागे उभ्या असलेल्या पाणीपुरीच्या गाडीवाल्याने हाक मारली म्हणून निभावले. आवाजाचे गोल बटण पंधरा सेकंद दाबून धरले की यंत्रणा नव्याने सुरू होते, हे त्या दिवशी मीच शोधून काढले. सर्व्हिस सेंटरने ते आधी सांगायला हवे होते.

तिथे तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या खेपेस अॅडव्हायझर म्हणाले, “सर, फोन बदलकर देखिए।” फोनच्या दुकानात गेलो तर उत्तर मिळाले, “ये तो गाड़ी में दिखाइए।” तिसऱ्या खेपेस पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर अपडेट झाले आणि चित्र गोठणे बंद झाले, त्याचे श्रेय द्यायला हवे. पण फोन आणि गाडी यांच्या मधल्या जागेची जबाबदारी कोणाची, हे जॉब कार्डवर कुठेच लिहिलेले नसते. हे दुखणे फक्त आमच्याच नशिबी आहे असेही नाही, जे. डी. पॉवर या संस्थेच्या 2024 च्या अमेरिकेतील गाड्यांच्या पाहणीतही मालकांच्या तक्रारींत फोनची जोडणी सर्वांत वर होती.

शेवटी फोन केबलने जोडला आणि बहुतेक प्रश्न सुटले. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. बाजारातल्या स्वस्त केबलींपैकी काहींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात, आणि गाडीतल्या दोन यूएसबी पोर्टपैकी बहुधा एकच पोर्ट अँड्रॉइड ऑटोचे असते. शिवाय गतिरोधक आला की जोडणी तुटत होती, तेव्हा मी पुन्हा गाडीला दोष देणार होतो. भाच्याने दातकोरणीने फोनच्या पोर्टमधून सदऱ्याच्या खिशातल्या सुताचा वाटाण्याएवढा बोळा काढून दाखवला. तेव्हापासून गतिरोधकांवर काही झालेले नाही.

गाडी पाहायला जाल तेव्हा शोरूमचा फोन बाजूला ठेवून स्वतःचा जोडा, गाडी पाच वेळा बंद करून सुरू करा आणि दर वेळी नकाशा यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. वरच्या व्हेरिएंटचे जास्तीचे पैसे केवळ वायरलेस जोडणीसाठी मी पुन्हा देणार नाही. माझ्या साडूंनी त्याच गाडीचा मधला व्हेरिएंट घेतला, त्यात सात इंची स्क्रीन आहे आणि फोन केबलनेच जोडावा लागतो. परवा दोन्ही गाड्या एकदम उज्जैनला निघाल्या, तर त्यांचा नकाशा फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच लागलेला होता.