ढाक्याशी मैत्री: भारताची आणि भूतानची

६ डिसेंबर १९७१ला बांगलादेशला मान्यता देणारे शेजारी दोन, भूतान आणि भारत. नागपूरच्या कळमन्याच्या घाऊक बाजारातून पाहिलं तर या दोन मैत्रींतला फरक रोकड्यात दिसतो. भूतानने २०२०मध्ये त्याच तारखेला ढाक्याशी सवलतीच्या व्यापाराचा करार केला. एखाद्या एका देशाशी बांगलादेशचा असा तो पहिलाच. त्यात भूतानी संत्र्याला शुल्कमाफी. आपल्या नागपुरी संत्र्यावरचं आयात शुल्क मात्र २०१९मध्ये किलोमागे वीसेक रुपये होतं, ते २०२३पर्यंत ८८वर गेलं. काटोल-वरुडचा माल मग पडेल त्या भावात इथेच विकायचा! भारताचं नातं केवढं मोठं, २०१५चा भूसीमा करार, वीज, रेल्वे. तरी बागायतदार भूतानचा छोटा करारच निवडेल. अर्थात भूतानचा माल थोडा, म्हणून माफी देणं ढाक्याला सोपं गेलं असावं.