बोपदेवचा चढ आणि दिवे घाटाचा उतार : पहिल्या सामूहिक सायकल फेरीचे परीक्षण

पुण्यातील एका सायकल गटाने, आजवर एकही घाट न चढलेल्यांसाठी, डिसेंबरमधील एका रविवारी लुल्लानगर ते सासवड आणि परत हडपसर अशी फेरी ठेवली होती. जाताना बोपदेव घाट चढायचा, सासवडला न्याहारी करायची आणि दिवे घाट उतरून परतायचे, असा एकूण सुमारे 50 किलोमीटरचा बेत होता. माणशी शुल्क 650 रुपये होते आणि त्यात न्याहारी, पाणी, केळी, एक मेकॅनिक व मागून येणारी मदतीची गाडी एवढे समाविष्ट होते. या लिखाणात काही तक्रारी आहेत आणि गट लहान आहे, म्हणून त्याचे नाव मुद्दाम देत नाही. पुण्यात अशा फेऱ्या घेणारे गट बरेच आहेत आणि पैसे भरण्यापूर्वी त्यांना कोणते प्रश्न विचारावेत, हे या अनुभवावरून ठरवता येईल.

माझे वय 47 आहे. आठ महिने मी सायकल चालवत होते, पण ती सगळी मगरपट्टा, मुंढवा, खराडी अशा सपाट रस्त्यांवर. वाटेत मोठा उड्डाणपूल आला तरी सेवारस्त्याने जाण्याचे निमित्त मी शोधत असे. बोपदेव घाटातून मोटारीने अनेकदा गेलेले असल्यामुळे रस्ता डोळ्यांसमोर होता आणि भीतीचे मूळही तेच होते. मोटारीच्या काचेतून समोरचे वळण भिंतीसारखे उभे दिसते आणि तेच चित्र मनात घट्ट बसते. खरे सांगायचे तर दमण्याची भीती फारशी नव्हती. आपल्यामुळे वीस माणसे खोळंबतील, सर्वांसमोर सायकलवरून उतरून चालावे लागेल आणि कोणीतरी तोंडभरून धीर देईल, या कल्पनेने मी दोनदा अर्ज अर्धवट भरून सोडून दिला होता.

गटाची खरी कमाई फेरीच्या आदल्या गुरुवारी रात्री दिसली. सर्वांना ऑनलाइन एकत्र बोलावून त्यांनी पाऊण तास मार्गाची माहिती दिली, आणि त्या पाऊण तासात ‘तुम्हाला नक्की जमेल’ असे एकदाही म्हटले नाही. त्याऐवजी प्रत्येकाला आपापल्या सायकलच्या पुढच्या सर्वांत लहान आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते मोजायला सांगितले. माझ्या हायब्रिड सायकलला पुढे 28 आणि मागे 34 दाते निघाले. याचा अर्थ पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण पावणेदोन मीटर पुढे जाते, असे मार्गदर्शकांनी हिशेब मांडून दाखवले. मिनिटाला 60 फेऱ्या इतक्या आरामशीर गतीने पाय फिरवले तरी ताशी सव्वासहा किलोमीटरच्या आसपास वेग पडतो, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकाच. घाटाचा मुख्य चढ सुमारे 4 किलोमीटरचा आणि सरासरी सहा टक्क्यांच्या आसपासचा, म्हणजे दर 100 मीटरला 6 मीटर उंची गाठणारा. तेव्हा या वेगाने तो चढायला 40 मिनिटांहून कमी वेळ लागतो. इतके दिवस ज्या घाटाला मी घाबरत होते, त्याला किती मिनिटे लागतील हे मी कधी मोजलेच नव्हते.

त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना सायकलस्वाराची बरीच ताकद वारा कापण्यात जाते, त्यामुळे पुढच्याच्या मागे चिकटून राहिले की श्रम वाचतात. चढावर मात्र वेग इतका कमी असतो की वाऱ्याचा अडथळा नावापुरताच उरतो आणि जवळपास सगळी ताकद स्वतःचे व सायकलचे वजन वर नेण्यात खर्च होते. म्हणून चढावर वेग निम्मा केला की लागणारी ताकदही जवळपास निम्मी होते आणि पुढच्याला गाठण्याच्या धडपडीतून हाती काहीच लागत नाही. ‘गट पुढे गेला तर जाऊ द्या, घाटात प्रत्येक जण एकटाच चढतो,’ हे त्यांचे म्हणणे ऐकायला कोरडे वाटले, तरी त्या रात्री मला झोप लागली ती त्यामुळेच. एका सहभागी गृहस्थांनी सर्वांत हलका गिअर वापरणे कमीपणाचे नाही का, असे विचारले. त्यावर मार्गदर्शक हसून म्हणाले, ‘‘अहो, दिवे घाटात माउलींच्या रथालासुद्धा जादा बैलजोड्या लावतात.’’

रविवारी पहाटे पावणेसहाला लुल्लानगरला जमलो तेव्हा काळोख होता आणि थंडी चांगलीच बोचत होती. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा नसलेल्या दोघांना सोबत घ्यायला त्यांनी स्पष्ट नकार दिला. त्यांपैकी एकाने जवळच्या मित्राचे हेल्मेट मागवून घेतले, दुसरा परत गेला. हा कडकपणा मला आवडला. मेकॅनिकने प्रत्येक सायकलचे ब्रेक आणि हवा तपासली, पण गिअर नीट पडतात की नाही हे पाहिले नाही आणि त्याचा परिणाम पुढे एका मुलाला भोगावा लागला. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय कोठे आहे, याचा मात्र सूचनांमध्ये अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. पहाटे निघून थेट सासवडला पहिली सोय मिळणार असेल, तर ते आधी कळवायला हवे. आम्ही सहा जणी होतो आणि सहाही जणींनी त्या धास्तीने पाणी कमी प्यायले, जे चढाच्या दिवशी अजिबात योग्य नाही.

खडी मशीन चौकापर्यंतचा भाग धूळ आणि डंपर यांचा आहे, त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. येवलेवाडी मागे पडली, उजाडले आणि रस्ता वर वळू लागला. चढ लागण्याच्या आधीच गिअर हलका करा, कारण जोर लावत असताना गिअर बदलला तर चेन करकरते किंवा पडते, हे गुरुवारी सांगितलेले होते. तरीही त्या मुलाची चेन पहिल्याच उभ्या भागात पडली आणि चक्राशेजारी अडकून बसली. मेकॅनिक मदतीच्या गाडीतून पाच मिनिटांत पोहोचला. त्या मुलाचा चेहरा पाहून माझी स्वतःची धास्ती काही क्षण बाजूला राहिली, हे मान्य करते.

पहिल्या किलोमीटरमध्ये मी सगळे करतात तीच चूक केली. छाती धडधडत असताना जोर लावला आणि पहिल्या मोठ्या वळणापर्यंतच श्वास तोंडाने घ्यावा लागला. गटाचा एक स्वयंसेवक, ज्याला हे लोक ‘स्वीप’ म्हणतात आणि जो शेवटच्या माणसाच्याही मागे राहतो, माझ्या मागून येत होता. त्याने पहिली काही मिनिटे काहीच म्हटले नाही. मग बाजूला येऊन विचारले, ‘‘ताई, आज घरी जेवायला काय बेत आहे?’’ मला एक शब्दही धड बोलता येईना. तो म्हणाला, ‘‘पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं हळू करा. वर बघू नका, पुढचा दहा मीटर रस्ता बघा.’’ मी वेग उतरवला. काही वेळाने वांग्याची भाजी, भाकरी आणि ठेचा असा बेत मी सलग सांगू शकले. श्वास मोजण्याची ही पद्धत मनगटावरच्या महागड्या घड्याळापेक्षा मला अधिक पटली.

घाटाच्या वरच्या अर्ध्या भागात एके ठिकाणी वळणाच्या आतल्या बाजूने चढ एकदम उभा होतो आणि तिथे माझे पाय थांबले. ज्या प्रसंगाला मी आठ महिने घाबरत होते तो हाच. मी उतरले. स्वीपही उतरला आणि सायकल हातात धरून माझ्या शेजारी चालू लागला. त्याला चालण्याची काहीच गरज नव्हती, त्याच्या पोटऱ्या पाहिल्या तरी ते कळत होते. त्याने धीर दिला नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. येवलेवाडीच्या पुढे इतकी घरे झाली, पूर्वी इथे काय होते, असले काहीबाही बोलत आम्ही दीडएकशे मीटर चाललो आणि चढ किंचित सौम्य झाल्यावर तो म्हणाला, ‘‘इथून परत बसता येतं. आधी गिअर हलकाच आहे ना बघा, मग एक पाय पायडलवर ठेवून ब्रेक सोडा.’’ मी बसले. चढावर थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते शिकवणारा माणूस त्या क्षणी शेजारी असणे, यासाठी 650 रुपये मला कमी वाटतात.

माथ्यावर पोहोचले तेव्हा घड्याळात 54 मिनिटे झाली होती, चालणे आणि पाण्यासाठी एक थांबा धरून. मागे वळून पाहिले तर पुणे धुरकट थरात बुडालेले होते. पण इथे गटाची पहिली मोठी चूक घडली. सर्वांनी माथ्यावर एकत्र यायचे असे ठरलेले असताना, पुढची मंडळी वीस मिनिटे विसावून ताजीतवानी झाली होती आणि आम्ही शेवटचे चौघे पोहोचताच ‘चला, निघू या’ अशी हाक आली. जो सर्वांत जास्त दमतो त्यालाच सर्वांत कमी विश्रांती मिळते, हा सामूहिक फेऱ्यांमधला जुना दोष आहे आणि नवशिक्यांच्या फेरीत तरी तो राहता कामा नये. शेवटचा माणूस पोहोचल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटे थांबायचे, एवढा साधा नियम पुरेसा आहे. स्वीपने आमच्यासाठी भांडून पाच मिनिटे मिळवली.

भिवरी, चांबळीमार्गे सासवडपर्यंतचा रस्ता सुखाचा आहे. उजव्या हाताला पुरंदर आणि वज्रगड दिसत राहतात आणि पाय आपोआप फिरतात. सासवडची मिसळ बरी होती, चहा कोमट होता. पुढे तासभर वाकून सायकल चालवायची असताना तर्रीदार मिसळ द्यावी की पोहे, हा प्रश्न मी आयोजकांवरच सोडते.

दिवे घाटाविषयी मात्र मला कठोर लिहावे लागेल. चढाची इतकी काटेकोर तयारी करून घेणाऱ्या गटाने उताराबद्दल ‘सावकाश उतरा’ यापलीकडे काही सांगितले नाही. झेंडेवाडी ओलांडून घाटाच्या माथ्यावर आलो तेव्हा खाली मस्तानी तलाव दिसत होता, रस्त्यावर रविवारची गर्दी होती आणि ठिकठिकाणी खडी विखुरलेली होती. मी दोन्ही ब्रेक सतत दाबून धरले. माझ्या सायकलला रिमवर घासणारे साधे ब्रेक आहेत, त्यामुळे निम्म्या घाटात रबर जळल्याचा वास येऊ लागला आणि मनगटे बधिर झाली. माझ्या पुढचा एक जण वळणावर वेग आवरता न आल्याने पलीकडच्या बाजूला गेला. समोरून एसटी येत नव्हती, एवढेच नशीब. वळणाच्या आधी वेग कमी करावा आणि वळणात ब्रेक सैल सोडावेत, ब्रेक सतत न दाबता थोडा वेळ दाबून सोडावेत म्हणजे रिम तापत नाही, वजन थोडे मागे घ्यावे आणि बाहेरच्या बाजूचे पायडल खाली ठेवावे, हे मला नंतर त्याच स्वीपने वडकीला चहा पिताना सांगितले. हे सगळे सांगायला दहा मिनिटे लागली. ती दहा मिनिटे गुरुवारीच द्यायला हवी होती. चढावर चूक झाली तर माणूस थांबतो. उतारावरच्या चुकीला तेवढी सवड नसते.

फेरी संपल्यावर मिळालेले पदक माझ्या मते अनावश्यक आहे. तो खर्च वाचवून दुसरा स्वीप नेमता आला असता, कारण चौघांना एकच माणूस पुरत नव्हता. ज्यांना सपाट रस्त्यावर न थांबता 30 किलोमीटर जाता येते आणि ज्यांच्या सायकलला मागे किमान 32 दात्यांचे चक्र आहे, त्यांनी ही फेरी जरूर करावी, मात्र आदल्या आठवड्यात ब्रेकची रबरे बदलून घ्यावीत आणि एखाद्या रिकाम्या उतारावर वळणाचा सराव करावा. मी उताराविषयीची तक्रार लेखी कळवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की पुढील फेरीच्या गुरुवारच्या बैठकीत उताराचा भाग घेतला जाईल आणि तो तुमच्या स्वीपनेच घ्यावा असे ठरले आहे. स्वच्छतागृहाच्या मुद्द्यावर उत्तर आलेले नाही. तो प्रश्न मी पुन्हा पाठवला आहे आणि त्याच पत्रात फेब्रुवारीच्या फेरीसाठी माझे नाव घालायला सांगितले आहे.